वाळूच्या डब्यातले बाळंतपण

मित्रांनो, मी एक सरडी आहे. घोयरा जातीची, म्हणजे तुम्ही जिला शॅमेलिऑन म्हणता ती. माझा जन्म पिंजऱ्यातला. रान कसे असते ते मला ठाऊक नाही.

माझा पहिला मालक पुनावळ्यात राहत असे. परदेशी जाताना त्याने मला थेरगावच्या नौशादभाईंकडे सोपवले. डांगे चौकाजवळ त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. माझ्या डोक्यावरचा तुरा पाहून त्यांनी माझे नाव सुलतान ठेवले. मी मादी आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. गाडी तयार होईपर्यंत गिऱ्हाइके माझ्यापुढे उभी राहत. मी दोन डोळे दोन दिशांना फिरवले की त्यांना फार गंमत वाटे.

मग एका उन्हाळ्यात मी खाणे सोडले. पोट फुगले, अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले. फांदीवर जीव रमेना. मी सारखी तळाशी उतरून नखांनी खरवडू लागले. पण तळाला माती नव्हती, पत्रा होता.

नौशादभाईंचा डबा घेऊन आलेल्या सादिकाभाभी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, हा सुलतान नाही. ही मादी आहे. हिला अंडी घालायचीत."

"नर कुठाय? एकटीच तर असते."

"कोंबडी घालते ना कोंबड्याशिवाय? तसंच असेल."

दोघे मला प्राण्यांच्या डॉक्टर विजयश्रींकडे घेऊन गेले. त्यांनी माझे पोट हलकेच चाचपले.

"भाभी, तुमचं बरोबर आहे. पिल्लं नाही व्हायची यातून, पण अंडी बाहेर यायलाच हवीत. हिला खणायला खोल, ओली वाळू द्या. नाहीतर अंडी पोटातच अडकतील आणि ही जगणार नाही. आणि कोणी बघतंय असं वाटलं, तर ही खणणं सोडून देईल."

माझा पिंजरा गॅरेजमधून घरी आला. भाभींनी रंगाच्या रिकाम्या डब्यात धुतलेली वाळू भरली. मुठीत गोळा होईल इतकीच ती ओली ठेवली. पिंजऱ्याला जुन्या चादरीचा पडदा शिवला.

मी खणू लागले. बीळ अर्धे झाले आणि पडद्याचा कोपरा उचलला गेला. नौशादभाई मोबाइल धरून उभे होते. मी बाहेर आले ती पुन्हा आत गेले नाही. दुसऱ्या दिवशी भर उजेडात अशक्तपणाने माझे डोळे मिटू लागले.

भाभी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमचा जीव आहे तिच्यावर, माहितेय मला. पण आत्ता तिला तुमची नजर नकोय."

नौशादभाईंनी मोबाइल खिशात टाकला आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन बसले. मला पाहायला कोणी वर आले की त्यांचा दबका आवाज आत येई, "आज नको, भावा. घरात बाळंतपण आहे."

घर इतके शांत झाले की मला पुन्हा धीर आला. अंगात होते नव्हते ते बळ एकवटून मी वाळूत शिरले. पार तळापर्यंत गेले, आत वळले आणि एकेक अंडे ठेवत गेले. मग सगळी वाळू परत लोटून पायांनी घट्ट दाबली. वर आले तेव्हा पोट खपाटीला गेले होते आणि पापण्यांवर वाळू होती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाभींनी पानांवर पाणी फवारले आणि मी थेंब थेंब पीत राहिले.

पुढे भाभींनी वाळू उकरली. पांढऱ्या अंड्यांनी त्यांची ओंजळ भरली, तरी खाली आणखी होतीच. नौशादभाई वाकून पाहू लागले.

"एवढी सगळी हिनं एकटीनं?"

"एकटीनं कुठं? तुम्ही दार राखलंत ना," भाभी म्हणाल्या.

मित्रांनो, मला पुन्हा अंडी होतील, म्हणून तो डबा आता माझ्या पिंजऱ्यातच असतो. आमच्यासारखा मुका जीव घरी आणण्याआधी तो काय खातो, एवढे तुम्ही विचारताच. त्याला एकटे कधी सोडायचे, तेही विचारून घ्या.