न्यानआजींच्या घरातला टॅबलेट

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. आता थकलो आहे. बॅटरी फुगली आहे, चार्जरला लावलं तरच जागा होतो. माझा जन्म व्हिएतनाममधल्या कारखान्यातला, आणि ज्या घरात राबलो ते अमेरिकेतल्या सॅन होजेमधलं घरही तिथूनच आलेल्या माणसांचं.

थुअनआजोबांच्या मुलीनं, झिएमनं, आईबाबांना जुनी संगीत नाटकं पाहता यावीत म्हणून मला आणलं. आजोबांची बायको, न्यानआजी, त्यांच्या शेजारी बसून गुणगुणायची. तेव्हा माझी काच रोज पुसली जायची. मग आजी विसरू लागली. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. आजोबा देवळात सांगायचे, "हिचे गुडघे दुखतात." म्हातारचळ म्हणायची त्यांना लाज वाटे.

झिएमनं माझ्यावर काही व्हिडिओ लावून दिले. त्यांच्याच समाजातली एक नर्स त्यांच्याच भाषेत या विसरण्याच्या आजाराबद्दल बोलायची.

"बाबा, डॉक्टर सांगतात तेच यात आहे, आपल्या भाषेत. आता कळेल तरी."

"संसार मी केला, आणि शिकवणार ही व्हिडिओतली पोरगी होय?"

तरी ते पाहायचे. नर्स म्हणायची, "चूक काढू नका. वाद घालू नका. त्या काय म्हणतात ते त्यांनाच विचारा." आजोबा मलाच सुनवायचे, "तुझं काय जातं सांगायला. तू राहून बघ हिच्याबरोबर."

आणि पुन्हा आजीवर ओरडायचे. शेवटी ते जवळ आले की ती अंग चोरू लागली. हे त्यांना फार लागलं. त्यानंतर ते तेच व्हिडिओ परत परत लावू लागले. मी तापून जायचो.

आजीच्या आईचं श्राद्ध आलं. मंत्र लावायला मला पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं. पाहुणे जमले. आजी आतून आजोबांचा फोटो घेऊन आली, तो तिनं मेलेल्यांच्या फोटोंत मांडला आणि उदबत्ती लावली.

"वहिनी, काढ तो," आजोबांची बहीण म्हणाली. "दादा धडधाकट उभाय इथं. काय हे अभद्र."

आजोबांनी फोटोकडे हात नेला. आजीनं चटकन कोपर तोंडापुढे धरलं.

त्यांनी हात मागे घेतला. खुर्ची ओढून ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण हे?"

"आमचे मालक. गेले."

"कसे होते?"

"देश सोडून पळालो, नावेत सगळे रडत होते, तेव्हा मला गोष्टी सांगत बसले. कधी आवाज चढवला नाही हो माझ्यावर." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दादा, तुम्ही लांबून आलात वाटतं. जेवून जा."

"जेवतो. तुम्हीही बसा."

बहीण काही बोलणार होती. आजोबांनी मान हलवून तिला थांबवलं. फोटो तिथंच राहिला. ते आजीशेजारी बसले, माशाचे काटे काढून तिच्या वाटीत घालत राहिले, आणि ती निवांत जेवली.

त्यानंतर ती त्यांना पाहुणाच समजली, पण घाबरली नाही. दोन वर्षांनी गेली.

मित्रांनो, मी यंत्र आहे, उद्या मला फेकलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी तेच तेच विचारत असेल, तर तेवढ्याच मायेनं पुन्हा सांगा. आजोबांना आजही सांगायचं असतं, आणि विचारणारं कोणी नाही.