माझ्या डोक्यातलं खोडरबर

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका, मित्रांनो! बरणीत बुडवून ठेवलेला तो मी नव्हे. मी कागदाच्या लगद्याचा, डिंकाचा आणि रंगाचा, शिकवण्यासाठी केलेला मेंदू. पितळी आकडे काढले की माझे भाग सुटे होतात. आकाराने मी खऱ्या मेंदूच्या दुप्पट आहे, म्हणून थोडा शिष्टपणाही माझ्यात आहे. तो तुम्ही चालवून घ्या.

मला एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने घडवलं. त्याची बायको लगदा मळायची आणि तो माझ्या वळ्या कोरायचा. मग मी एका महाविद्यालयात गेलो. तिथल्या बाई मला दोन्ही हातांत उचलून वर्गाला दाखवत. त्या म्हणत, "हा पुढचा भाग लक्ष देतो, बेत आखतो. हा मागचा भाग पाहतो. त्याच्या खाली हा लहान मेंदू, हा हालचालींचं माप सांभाळतो." शेवटी त्या माझ्या पोटातून एक वाकडा, लांबट तुकडा काढत. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. आज घडलेलं उद्यासाठी जपून ठेवायचं काम त्याच्यामार्फत चालतं. खऱ्या डोक्यात असे दोन असतात. माझी एकच बाजू उघडते, म्हणून मला एकच. तो दिसला की मागच्या बाकावरचे झोपाळूसुद्धा माना उंचावत. काय सांगू, कौतुकाने माझा रंग उजळायचा!

पण एका विद्यार्थ्याला पराक्रम सुचला. त्याने तो तुकडा उंच उडवला. उडवला अगदी छान, झेलला मात्र नाही. तुकडा खिडकीतून थेट गटारात! मग काय, मोडक्या वस्तूला कोण विचारतं? बाई निवृत्त झाल्या आणि माझी रवानगी कपाटावर, सांगाड्याच्या मागे झाली. धूळ खात किती वर्षं पडलो होतो ते मला सांगता येणार नाही. आठवणीचा तुकडाच नव्हता ना!

पुढे बाईंचीच एक विद्यार्थिनी मेंदूची डॉक्टर झाली आणि तिने मला आपल्या दवाखान्यात आणलं. तिने मला पुसलं, आकड्यांना तेल दिलं. फक्त रिकाम्या खाचेत काय बसवलं असेल? खोडरबर! आठवणीच्या जागी खोडरबर. मी मनातल्या मनात खूप चिडचिड केली. पण अडला हरी म्हणतात तसं झालं, गप्प बसलो.

त्या दवाखान्यात एक मिस्त्री यायचे. खुर्च्या, पाळणे, जिन्याचे कठडे करणारे सुतार. कडक ताप डोक्यात गेला आणि त्यातून ते जेमतेम वाचले. चालत होते, बोलत होते, लग्नातल्या गमती रंगवून सांगत होते. पण नवीन काही टिकत नव्हतं. दर खेपेला ते डॉक्टरांना नव्यानेच भेटत.

"नमस्कार. आपली ओळख नाही वाटतं?" असं म्हणून ते टेबल हलवून पाहत. "याचा एक पाय आखूड आहे हो."

दर खेपेला हेच. त्यांची बायको बिचारी कोमेजून गेली होती. घरी ते पुन्हा पुन्हा एकच विचारत, "अगं, जेवलो का मी?" ती सांगे. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "मुद्दाम छळता का मला?" आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हे तिने डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मिस्त्री खिडकीची चौकट न्याहाळत होते.

"डॉक्टर, आता हातसुद्धा गेले त्यांचे," ती म्हणाली. "कामाच्या टेबलापाशी नुसते उभे राहतात. माझा भाऊ म्हणतो, हत्यारं गंजण्यापेक्षा विकून टाकू. रविवारी टेम्पो घेऊन येतोय. पण हत्यारं गेली तर हे घरात कोण म्हणून राहतील हो?"

डॉक्टरांनी मला पुढे ओढलं, उघडलं आणि खोडरबराची खाच दाखवली. "काकू, हे पाहा. यांची हीच जागा गेली आहे, दोन्ही बाजूंची. त्यामुळे ते मुद्दाम विचारत नाहीत. त्यांच्यासाठी तो प्रश्न दर वेळी पहिलाच असतो. पण हातांची सवय इथे राहत नाही." त्यांनी माझ्या लहान मेंदूवर बोट ठेवलं, मग आत खोलवरच्या गाठींवर. "ती इकडे असते. इकडे ताप पोचलेला दिसत नाही."

"मग ते उभे का राहतात?"

"टेबल आता कसं आहे?"

काकूंचा चेहरा जरा खुलला. "एकदम चकाचक! ते दवाखान्यात होते तेव्हा मीच सगळं आवरलं. हत्यारं डब्यांत घातली, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावली. म्हटलं, विसरतात तर सोय होईल."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "लक्ष म्हणजे सुईत दोरा ओवणं, काकू. एका वेळी एकच दोरा जातो. त्यांचं लक्ष चिठ्ठ्या वाचण्यातच संपतं, तोवर काय करायचं होतं तेच निसटतं. आणि हात सवयीने जिथे जातो, तिथे हत्यार नसतं. सगळं होतं तसं ठेवून बघा."

काकू म्हणाल्या, "कसं होतं? संसार झाला तेवढी वर्षं मी त्या टेबलाखालचा भुसा झाडला. पण वर काय कुठे आहे, ते कधी बघितलंच नाही."

"लक्ष दिलं नाही ते आत जातच नाही. सगळ्यांचंच असं होतं." डॉक्टर मिस्त्रींकडे वळल्या. "मिस्त्री, पटाशी कुठे ठेवता?"

"असते की जागेवर."

"जागा कुठली?"

"पटाशीची!"

आता काय बोलणार, कप्पाळ? पण काकू एकदम सावरून बसल्या. "यांना सांगता येत नाही. पण हात तर जागेवर जाईल ना?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी मला पिशवीत घातलं, खोडरबर काढून घेतलं आणि म्हणाल्या, "काम द्यायचंच असेल तर हे द्या. याचा एक तुकडा हवा आहे." अशी माझी स्वारी सुतारकामाच्या खोलीत गेली.

रविवारी सकाळी काकूंनी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, डबे जमिनीवर उतरवले आणि टेबल मोकळं केलं. वर फक्त मी आणि सागवानाचा एक ठोकळा. मिस्त्री येऊन बसले. त्यांनी मला फिरवलं, माझ्या खाचेत बोट घातलं आणि ठोकळा हातात घेतला. उजवा हात गुडघ्याशेजारी खाली गेला आणि रिकामाच मिटला. काकूंनी झटकन त्यात रंधा दिला. त्यांनी न बघताच तो बाजूला ठेवला. काकूंनी करवत दिली. करवत चालू लागली! हात खाली गेला होता त्याच जागी काकूंनी करवतीसाठी खिळा ठोकला. मग डावा हात डोक्याच्या वर गेला. तिथे पटाशी. कोपराजवळ कानस. नवऱ्याच्या हाताकडे इतकं निरखून ती बाई आयुष्यात पहिल्यांदा बघत होती, आणि तिचे डोळे सारखे भरून येत होते.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. मिस्त्री दचकले. हातातल्या लाकडाकडे परक्यासारखे बघू लागले. "काय करत होतो मी?"

भाऊ दारात आला. "ताई, गाडी बाहेर उभी आहे."

काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकावंसं त्यांना वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण त्या थांबल्या. माझा तर जीव टांगणीला लागला. मिस्त्रींची नजर टेबलावर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी माझ्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"याचं काहीतरी हरवलंय गं. बसवायला पाहिजे."

आणि डावा हात आपोआप वर गेला. पटाशी जागेवर होती.

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या रिकाम्या खाचेची लाज बाळगली होती. त्या दिवशी तीच कामाला आली. मिस्त्री मध्ये मध्ये विसरत, खाच बघत आणि पुन्हा कामाला लागत. भाऊ बराच वेळ उंबऱ्यावर उभा राहून बघत होता. मग त्याने चपला काढल्या, आत आला आणि सांडलेला भुसा गोळा करू लागला. टेम्पो रिकामाच परत गेला.

आता मी पुन्हा दवाखान्यात आहे. माझ्या पोटात सागवानाचा तुकडा घट्ट बसला आहे. टेबलही डुगडुगत नाही, त्याचा पाय कुणी नीट केला ते तुम्ही ओळखलंच असेल.

तुमच्या घरीही कुणीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल. त्यांच्यावर खेकसू नका रे. त्यांच्या वस्तू विचारल्याशिवाय आवरू नका. आणि आज जरा त्यांच्या हातांकडे लक्ष देऊन बघा. पुढे कधी त्यांना सांगता आलं नाही, तर तुम्हाला तरी सांगता येईल.

मिस्त्री अजूनही येतात. डॉक्टरांना नव्याने नमस्कार करतात, मला उघडतात आणि तो तुकडा उजेडात धरतात.

"बाकी सगळा कागद, आणि हे लाकूड. चांगला हात आहे. कुणी केलंय गं?"

याच एका प्रश्नाची काकू आता वाट बघत असतात. त्या खुर्ची पुढे ओढतात आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगतात, "अहो, तुम्ही."