डाल्याखालचं झाड

मी बुरशी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा. शिळ्या भाकरीवर येते ती मी नव्हे. मला मेलेलं चालत नाही. मी जिवंत जिवात शिरते, त्याला आतून खाते आणि खाऊन झालं की त्याच्या पाठीतून पांढरी होऊन बाहेर येते. ऐकायला बरं वाटत नसेल, पण माझं पोट यावरच आहे.

माझं खाणं म्हणजे लाल कोळी. इतका बारीक की तुमच्या नखावर वीस बसतील. पानाच्या खालच्या अंगाला जाळं विणतो आणि रस पितो. पान आधी पिवळं पडतं, मग तांबूस होतं, मग वाळतं. एकट्या कोळ्याने काही बिघडत नाही, पण तो एकटा कधी नसतोच.

माझा जन्म राहुरीजवळ, मुळा नदीच्या काठी, इब्राहिम बागवानाच्या मळ्यात झाला. लढाईचे दिवस होते. रॉकेल कार्डावर मिळायचं आणि गावात जो तो त्याचंच रडगाणं गायचा. इब्राहिमच्या घरात मात्र दुसरीच काळजी होती. त्याची आई मुबारकबी कोपरगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत माहेरच्या काटेरी वांग्याचं बी बांधून आली होती. तेव्हापासून दरसाल चार वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची, बी धुवायचं, राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं, हा तिचा नेम. आदल्या पावसाळ्यात नदी घरात शिरली आणि गाडगं गेलं. मूठभर बी तेवढं हाती लागलं. ते सगळं तिने या मळ्यात लावलं होतं.

"जहिरा," ती सुनेला म्हणाली, "ही झाडं गेली तर माझं माहेर गेलं बघ. आता तिथंबी हे बी कुनाकडं न्हाई."

पौषात लाल कोळी आला. माघात मीही पसरले. दव पडायचं तेव्हा मला फार सुखाचं जायचं. सकाळी कोळी पानावर फिरत असायचा आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या तिथे ताठ होऊन चिकटलेला असायचा, अंगावर माझी पांढरी लव घेऊन. दया? मला ती ठाऊक नाही. पण झाडं हिरवी राहत होती, हे खरं.

माझं दुर्दैव असं की माणसांना कोळी दिसला नाही, मी दिसले.

शेजारच्या मळ्यातला बन्सी चार वर्षं नाशिककडे द्राक्षाच्या बागेत राबून आला होता. तेव्हापासून कुठलंही पान हातात आलं की त्याला द्राक्षाचंच आठवायचं. त्याने पान उलटं केलं, मला बोटाने पुसलं आणि म्हणाला, "इब्राहिमभाई, ही भुरी हाय, पानावरचा रोग. आमच्या बागंत पडायची. गंधक झटका, दुसरं काय नगं."

मुबारकबीला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून ती पानं चाचपून बघायची. ती म्हणाली, "पांढरं हाय ते पान मऊ लागतंय. पांढरं न्हाई ते खरखरीत. उलटं हाय तुमचं."

"अम्मा, बन्सीभाऊनं बागा बघितल्यात," इब्राहिम म्हणाला. चांगला माणूस. आईला कधी उलटून बोलला नाही, फक्त तिचं ऐकलं नाही.

फाल्गुनात ऊन चढलं तेव्हा तो फडक्याच्या पुरचुंडीत गंधक घेऊन सरीसरीने निघाला. गंधकाने कोळीही मरतो, खोटं कशाला बोलू? पण हा वरून झटकत होता आणि कोळी पानाखाली जाळ्यात बसला होता. मी मात्र उघडी होते. आग आग होऊन मेले मी. जाळ्यातला कोळी मजेत राहिला. दहा दिवसांत वाफे तांबडे झाले. पंधराव्या दिवशी सगळी पानं करपून जमिनीवर होती.

एक झाड सोडून.

ते विहिरीच्या कडेला होतं. मुबारकबी तिथे नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करायची आणि तोटीच्या बदन्यात उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायची. गंधकाच्या सकाळी तिने कोंबड्यांचं डालं आणून त्या झाडावर पालथं घातलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं. त्या ओल्या अंधारात मी जगले, आणि पोटभर जेवले. त्या झाडाला दोन वांगी पिवळी झाली.

इब्राहिमने झाड पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "उरलेली पुरचुंडी मी इथंच झटकली हुती," तो बन्सीला म्हणाला. "जास्त गंधक पडला म्हनून जगलं. आपलं मापच कमी पडलं."

"गंधकानं न्हाई, मी झाकलं हुतं," मुबारकबी म्हणाली.

"डाल्यानं रोग जातो व्हय, अम्मा?" तो हसला. बन्सीही हसला.

म्हातारीने ती दोन वांगी तोडून घेतली. बी धुताना जहिराला म्हणाली, "पुढल्या साली पांढरं दिसलं की एक तरी झाड झाक. इसरू नको."

"न्हाई इसरत, अम्मा."

मुबारकबी श्रावणात गेली. तिचं बी पुन्हा याच मळ्यात लावलं आहे. गाडग्यात मागे एक दाणाही ठेवलेला नाही.

आज माघ आहे. कोळी आला आहे, मीही मातीतून वर आले आहे. काल इब्राहिमला पानावर पांढरं दिसलं. विहिरीपाशी गंधकाच्या दोन गोण्या आणून ठेवल्या आहेत. गेल्या वेळच्या दुप्पट. उद्या सकाळी झटकायचा, असं ठरलं आहे. बन्सीही मदतीला येणार आहे.

जहिराला आठवण आहे. मघाशी ती गोणपाट भिजवून डालं घ्यायला गेली. डाल्याखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. जहिराने हात घातला तशी कोंबडीने टोचलं. ती हात झटकत म्हणाली, "राहू दे. बसू दे बिचारीला," आणि गोणपाट तिथेच टाकून चुलीकडे वळली.

मी मेले तर कुठेतरी पुन्हा उगवेन. मला मातीत वाट बघता येते. त्या बियाला येत नाही. मी कुणाची नाही, कुणासाठी कधी रडले नाही. पण ती म्हातारी रोज पाणी ओतायची, म्हणून एकदाच सांगते.

जहिरा, कोंबडीला उठव.