नॉट येट व्हॅलिड

सुकेशनीचं ॲप पाच दिवसांपासून बिल्ड होत नव्हतं, आणि परभणीच्या त्या ऑफिसात याचं दुःख कमी अन् आनंदच जास्त होता.

राणीसावरगावच्या शेळीपालकांना बाजारभाव बघायला ॲप पाहिजे होतं. कोड तिनं लिहून ठेवला होता. पण त्या कोडचं मोबाईलात चालणारं ॲप बांधायला घेतलं की पडद्यावर लाल अक्षरांचा पूर. शनिवारी चारपर्यंत ॲप चाललं तर तिची नोकरी पक्की, नाहीतर ती जागा ऑफिसमालक बन्सीधर सरांच्या भाच्याला, हरिओमला. हरिओमनं चार वर्षं पुण्यात राहून दोन गोष्टी आणल्या होत्या : इंजिनिअरची डिग्री आणि 'ॲक्चुअली'. सुकेशनी मोबाईलवर बघून बघून शिकलेली.

लॅपटॉप नवाकोरा. सरांनी त्याची पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'शुभ लाभ'चं स्टिकर चिकटवलं आणि सक्त हुकूम सोडला, की यावर प्रोजेक्टशिवाय दुसरं काही उघडायचं न्हाई.

"ॲक्चुअली, तुझा कोडच कच्चाय," हरिओम रोज सांगायचा. लाल अक्षरं वाचायची तसदी काही त्यानं घेतली नव्हती. शेवटी सुकेशनीनं स्वतःचा सगळा कोड बाजूला काढून रिकामा प्रोजेक्ट बांधायला लावला. तोही बांधला जाईना. आता रिकाम्या ताटात मीठ कुणी जास्त टाकलं?

शनिवारी तीन वाजता ती लाल पूर ओलांडून शेवटच्या ओळीपाशी पोचली. 'सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड.'

सर मागंच उभे होते. त्यांना त्यातले दोनच शब्द कळले, आणि ते दोन तर अख्ख्या जिल्ह्याला कळतात.

"बघ, मशीनबी तेच म्हणायलीय. तुझी व्हॅलिडिटी काढली का न्हाई?"

"जातीची व्हॅलिडिटी लॅपटॉपला कशाला लागती, सर?"

"आता समद्याला लागती. तुमच्यात तर…" सरांनी वाक्य तिथंच सोडलं. असलं वाक्य अर्धं सोडण्याला आपल्याकडं सभ्यपणा म्हणतात.

सुकेशनीची कानशिलं तापली. त्या एका कागदासाठी तिच्या बापानं, सिद्धोधननं, सहा महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. हरिओमला असला कागद कुणी मागितलाच नाही. त्याची व्हॅलिडिटी आडनावासोबतच जन्मली होती.

तिनं ओळ परत वाचली. नॉट येट. म्हणजे 'नाही' नव्हे, 'अजून नाही'. हा कागद तिचा नव्हताच. ॲपचे सुटे भाग इंटरनेटवरून जिथून येतात, त्या जागेचा होता. वरच लिहिलेलं, जुलैपासून लागू. मग सप्टेंबरात 'अजून नाही' कसं?

तिनं नखानं 'शुभ लाभ' खरवडलं. खाली घड्याळ होतं. त्यात एप्रिल महिना. तारीख अक्षय्य तृतीयेची.

"सर, तारीख कुणी मागं नेली?"

सर छताकडं बघू लागले. हरिओम पुटपुटला, "मामा, तुमीच म्हणले व्हते की, कुणाला सांगू नको."

"मग काय पितृपक्षात नवं काम काढायचं?" सर भडकले. "मुहूर्ताची तारीख लावली तर काय बिघडलं?"

"एप्रिलात बसून जुलैचा कागद तपासायलंय ते. न्हाईच म्हणणार की." तिनं आजची तारीख लावली अन् बटण दाबलं. दहा मिनिटांत तिचं ॲप तिच्याच मोबाईलात उघडलं. त्यात शेळ्यांचे भावही दिसले.

सरांनी कपाळाला हात लावला. "मेलो! आता ह्याचा जन्म पितृपक्षातला झाला की."

तेवढ्यात ॲप बघायला आलेले शेळीपालकांचे म्होरके ग्यानबा दारात उभे राहिले. हातात मोबाईल, पायाला धूळ. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"सर, पितृपक्षात शेळी व्याली तर तुमी करडू परत आत ढकलताव का?"

पहिल्यांदा त्या ऑफिसात सुकेशनी मोठ्यानं हसली. ग्यानबांनी तिच्या मोबाईलात भाव बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "आमच्यातबी टाक, बाई."

गिऱ्हाईकच मान्य म्हणाल्यावर सरांचा इलाज चालेना. नाइलाजानं त्यांनी नोकरीचं पत्र काढलं. "तारीख घटस्थापनेची टाकतो हां. चांगला दिस हाय."

"आजची टाका, सर. पुढची टाकली तर तुमचं पत्रबी नॉट येट व्हॅलिड."

सरांनी हरिओमकडं पाहिलं. हरिओम ॲक्चुअली छताकडं बघत होता. मग सरांनी आजची तारीख टाकली.