वाकळीतले सात दाणे

आमच्या शेवंताला तिसरीपर्यंत अक्षर लागत नव्हते. मी चार पेट्या पुस्तके बाळगणारा माणूस, पण नातीला वाचायला शिकवणे मला जमले नाही. मी समजावू लागलो की ती घाबरे, आणि ती घाबरली की मी गप्प होई. उद्धव गुरुजींनी सहा महिन्यांत तिला वाचते केले. दिवाळीनंतर एकदा तिने तेलाच्या डब्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला आणि माझी सून वनमाला चुलीपुढून उठून बाहेर आली.

"मामाजी, गुरुजीले काही द्या लागते," ती म्हणाली. "इचोड्यात खोली करून एकटे रायते, थंडीनं कुडकुडते म्हणे. वाकळ देऊ."

वाकळ जुन्याच कापडाची लागते. नवे कापड अंगाला टोचते. आणि आमच्या घरची रीत अशी, की घराबाहेर द्यायच्या वाकळीत वरचे कापड घरातल्या थोरल्या बाईच्या लुगड्याचे असावे. थोरली बाई, म्हणजे माझी रेणुका, जाऊन चार वर्षे झाली होती. तिचे एकच हिरवे लुगडे माझ्या पुस्तकांच्या पेटीत उरले होते. पदराच्या कोपऱ्यात तिने लाल दोऱ्याने 'र' काढला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला शिकवलेले ते एकच अक्षर.

तेव्हा नाही म्हणायला हवे होते की काय, मला अजून कळत नाही. मी पेटी उघडून दिली.

शेजारच्या प्रयागबाईने पंधरा दिवस दुपारी आमच्या ओट्यावर बसून टाके घातले. शेवटचा कोपरा मिटवण्याआधी तिने मला हाक मारली. "भगवानभाऊ, दाणे टाका. वाकळ उपाशी जाऊ नाई. अन् दाणेच टाका, पुस्तकाचं पान टाकसान!"

शेवंताने ज्वारीचे सात दाणे निवडून माझ्या हातावर ठेवले. मी ते लाल 'र'च्या खाली सारले. प्रयागबाईने वरून टाके घातले.

गुरुजी वाकळ घ्यायला घरी आले. प्रयागबाईने त्यांना दाण्यांची रीत सांगितली, कोपरा चाचपायला लावला. गुरुजींनी तो कपाळाला लावला. "रोज हीच पांघरीन," ते म्हणाले, "आणि शेवंता सातवी पास होईस्तोवर मी कुठं जात नाही." शेवंता त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही, इतकी हरखली होती.

मार्चमध्ये गुरुजींची बदली होणार अशी कुणकुण लागली. बदली रोखावी म्हणून दरखास्त द्यायचे गावात ठरले, आणि पुस्तके वाचतो म्हणून लिहायचे माझ्याकडे आले. मी तीनदा खोडून लिहिली. खाली गावकऱ्यांचे अंगठे, सह्या, आणि शेवटी शेवंताची सही, तिच्या हातची.

दरखास्त घेऊन मी शिक्षणाच्या साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर होते. चंपत नावाच्या शिपायाने मला आत बसवले. समोर साहेबांची खुर्ची होती, आणि खुर्चीवर चौघडी घालून आमची वाकळ अंथरलेली होती. एक कोपरा खाली लोंबत होता. त्यावर लाल 'र'.

"ही वाकळ..." मी म्हणालो.

"मस्त हाय ना? सायबाच्या कंबरेले बरी पडते. उद्धव गुरुजीनं आणून देल्ली. 'माह्या मायनं शिवली' म्हणत होते गुरुजी. तुमी कोन्या कामानं आले?"

"त्यांच्या बदलीचं."

"ते तं झालं की! तिकडं निर्मल गावाले. सोतानंच मागतली होती. चार चकरा मारल्या बिचाऱ्यानं."

दरखास्त माझ्या हातात होती. ती मी परत खिशात घातली.

"चंपत, ही वाकळ आमच्या घरची आहे."

तो हसला. "आबा, तुमच्या घरची असंन, पन खुर्ची सायबाची हाय. मी काय सांगू त्यायले? बसा, पाणी आनतो."

दुसरा कोणी असता तर वाकळ उचलून चालू लागला असता. मी तसे करू शकलो नाही. तो पाणी आणायला गेला तेवढ्यात मी कोपऱ्याचे चार टाके नखाने उसवले, दाणे काढून घेतले आणि रुमालात बांधले. 'र' तिथेच राहिला. तो काढायचा म्हणजे कापड फाडावे लागले असते.

घरी मी एवढेच सांगितले की दरखास्त उशिरा पोचली. आठवडाभराने शाळेत निरोपाचा समारंभ झाला. मला बोलायला उभे केले; मी दोन वाक्ये बोललो आणि अडखळलो. गुरुजी सर्वांना सांगत होते, "तुमची वाकळ मी जन्मभर जपीन." शेवंता त्यांच्या पायाशी बसून रडत होती.

नंतर मी त्यांच्याजवळ गेलो. रुमाल सोडून सात दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मनात वाक्य तयार होते: गुरुजी, ओळखा. पण मला वाटले, दाणे पाहून ते स्वतःच ओळखतील. निदान मान तरी खाली घालतील.

गुरुजींनी दाणे कपाळाला लावले. "कोणत्या देवाचा प्रसाद, भगवानराव?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता त्यांनी ते तोंडात टाकले. दाताखाली कच्ची ज्वारी कडकड वाजली. तोवर ते हात जोडून पुढच्या माणसाकडे वळलेही होते.

शेवंताचे रडणे थांबले होते. ती माझ्या हातातल्या रिकाम्या रुमालाकडे पाहत होती.

"आबा," तिने हळूच विचारले, "किती दाणे होते?"