यशोदाबाईंचा अंगठा आणि मी

तुमच्यापैकी एकजणही यावर विश्वास ठेवणार नाही, पण यशोदाबाईंची जमीन मी वाचवली. मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची डबी, आत कापडाची गादी, बस्स.

मित्रांनो, तुम्ही वकिलाच्या कार्यालयातले काम शिकायला आला आहात, म्हणून सांगतो. धुळ्यात चारुलताताईंच्या टेबलावर मी बावीस वर्षे आहे. त्या वकील आहेत आणि नोटरीही. शिरपूरकडचे केळीच्या चिकाने काळे पडलेले अंगठे, साक्रीकडचे विळ्याने चिरलेले अंगठे. नुसता स्पर्श झाला की मी गाव सांगतो. एका मे महिन्यात तर मी उन्हाने उकळलो, बुडबुडे आले, पण थेंब सांडू दिला नाही.

ते असो. परवाच्या सोमवारी साक्रीकडून यशोदाबाई आल्या, सोबत धाकटा भाऊ रतिलाल. वडिलांच्या विहिरीचे वीज मीटर त्याच्या नावावर करायचे होते. शेतात बाईंचाही हिस्सा, म्हणून ‘माझी हरकत नाही’ एवढे त्यांचे प्रतिज्ञापत्र हवे होते. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर सांगितलेली गोष्ट. एकदा अंगठा उठला की ते बोलणे आपले.

आमचे कारकून सुकदेवभाऊ म्हणजे सोन्यासारखा माणूस. पण नवा कागद ते कधी मुळापासून लिहीत नाहीत. संगणकातला जुना मजकूर काढायचा, नाव बदलायचे, झाले. त्या दिवशी निघाला भलताच मजकूर: कुणा बहिणीने शेतातला हिस्सा सोडल्याचा. त्यात यशोदाबाईंचे नाव जाऊन बसले.

“वाचून दाखवलं का?” ताईंनी विचारले.

“मीटरचाच कागद आहे मॅडम, त्यात काय वाचायचं!” सुकदेवभाऊंनी खाली ‘निशाणी डावा अंगठा’ लिहूनसुद्धा टाकले. ताई काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. “द्या आक्का अंगठा,” सुकदेवभाऊ म्हणाले.

मी श्वास रोखला. सगळी शाई पोटात ओढून घेतली! बाईंनी अंगठा दाबला, कोरडा. पुन्हा दाबला, कोरडाच. सुकदेवभाऊ शाईची बाटली आणायला दुकानात पळाले.

बाकावर भाविका होती. तीही तुमच्यासारखीच शिकाऊ. ही काय, आत्ता पंख्याखाली बसली आहे. यशोदाबाई तिला म्हणाल्या, “पोरी, तवलोंग वाची तं दाखाड, काय लिखेल शे.”

भाविका वाचू लागली. “सदर शेतातील माझा हिस्सा मी स्वखुशीने सोडत असून...”

“थांब माय! मना हिस्सा मी कव्हय सोडा? मी तं मीटरना कागदकरता उनू!”

रतिलाल पांढराफटक पडला. “आक्का, तुनी आन! मी असं लिखाले नई सांगं!”

ताईंनी फोन ठेवला, कागद पाहिला आणि टराटरा फाडला. बाटली घेऊन दारात आलेल्या सुकदेवभाऊंनी कान पकडले. मग नवा कागद झाला, आधी वाचून झाला, आणि मी अशी शाई दिली की बाईंच्या अंगठ्याची रेघ न् रेघ उठली.

तेव्हा मित्रांनो, अंगठा घेण्याआधी कागद त्या माणसाला समजेल असा वाचून दाखवा, मग कितीही घाई असो. आणि आम्हा म्हाताऱ्यांनाही जपा. दोन थेंब शाई घाला, आठवणीने झाकण लावा. या वयात श्वास रोखून शाई ओढायची म्हणजे...

“ओ आबा, थापा पुरे!” भाविका उठून उभी राहिली. “शनिवारी तुमचं झाकण मीच लावायला विसरले होते. रविवारभर वाळलात तुम्ही! आठवणीने लावलं असतं ना, तर आक्कांचा हिस्सा गेला असता. आता लावते, गप्प बसा.”