‘थांब’ म्हणायची चोरी

तोक्तोसुन म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, पण ते त्याच्या सोयीने. जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला उठायचा. औषध घ्या म्हटलं की टोपी कानांवर ओढायचा. त्यामुळे घाटरस्ता हिमाने बुजलाय, गाडी एवढ्यात जाणार नाही, हे धाकट्या मुलाने, एर्मेकने, कितीदा सांगितलं तरी त्याने ते कानाआड केलं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्याची थोरली बहीण झूराकान अंथरुणाला खिळली होती. तिने निरोप धाडला होता, यायचं असेल तर आत्ताच ये, माझं काही खरं नाही.

"गाडी जात नसेल तर पाय जातात," म्हातारा म्हणाला. बहिणीला आवडते म्हणून काझी, म्हणजे आतड्यात भरलेलं घोड्याचं मांस, त्याने फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि बूट शोधायला लागला.

थोरली सून पेरिझात चहा ओतत हे सगळं बघत होती. तिचा नवरा रशियात कामाला होता. ती स्वतः उन्हाळ्यात पाहुण्यांना तळ्यांवर न्यायची, हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगर दाखवायची. कुठला उतार धरून आहे आणि कुठला सुटायला टेकलाय, हे अख्ख्या गावात तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं. सासराही हे मान्य करायचा, फक्त तिच्यासमोर नाही.

"भावजी, मी येते," ती एर्मेकला म्हणाली, पण सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने. "मात्र वर गेल्यावर मी सांगेन तिथून मागे फिरायचं. नाहीतर कोणीच जायचं नाही."

"काय म्हणतेय ती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"येते म्हणतेय," एर्मेक म्हणाला. बापापुढे बोलायचं तर निम्मं गिळून बोलायचं, ही त्याची जुनी खोड.

त्या घरात सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसे. आणि नावच नव्हे, नावात जो शब्द आहे तोही तोंडातून काढायचा नसे. आता त्यांच्या बोलीत तोक्तो म्हणजे थांब, आणि तोक्तोसुन म्हणजे हा तरी थांबो. म्हाताऱ्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, एक झूराकान तेवढी जगली, म्हणून आईने याचं नाव असं ठेवलं. ते ठेवताना तिच्या डोक्यात पुढच्या सुना कुठून असायच्या! लग्न होऊन आल्यापासून पेरिझातला थांब म्हणायची चोरी झाली होती. पोरं रस्त्यावर धावली, वासरू दावं तोडून सुटलं, की ती ओरडायची, "दम घे, दम घे!" पाहुण्यांसाठी तिच्याकडे रशियन शब्द होता. आसपासच्या घरांत या गोष्टी कधीच मोडीत निघाल्या होत्या. पण पेरिझातची सासू हे नेम डोळ्यांत तेल घालून पाळायची. ती सासू आईहून प्रेमळ होती, म्हणून ती गेल्यावरही पेरिझातने ते सोडले नाहीत.

सासऱ्याच्या पुढून जायचं नाही, हाही त्यातलाच एक नेम. तेव्हा उजाडताना तिघं निघाली ती अशी: पुढे म्हातारा, मध्ये एर्मेक आणि वाट दाखवणारी सगळ्यांच्या मागे.

देवदारांच्या रानातून वर आल्यावर समोर एक रुंद घळ लागली, पांढरीशुभ्र, सरळ वर जाणारी. म्हातारा तिकडे वळला.

"भावजी, बाबांना सांगा, घळीत नको. डावीकडच्या सोंडेवरून चला, जिथे दगड दिसताहेत."

"बाबा, डावीकडून!"

"दगडांत घोडं तरी चढेल का?"

"आपण कुठे घोडे आहोत," पेरिझात म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"दगड बरे, म्हणतेय," एर्मेकने सांगितलं.

म्हातारा कुरकुरत सोंडेवर चढला. वाऱ्याने तिथलं हिम उडवून नेलं होतं, पाय घट्ट बसत होते. उजवीकडची ती घळ वरून पाहिली तेव्हा तिच्यात वरून कोसळून साचलेला हिमाचा ढीग दिसला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो सोंडेवरूनच पुढे चालू लागला. पेरिझातला बरं वाटलं. अशी वाट काढत वर जाणं तिला मनापासून आवडायचं.

सोंड संपली तिथे खिंड समोर आली. दगडांच्या राशीवर नवसाच्या चिंध्या फडफडत होत्या. मध्ये फक्त एक वाटीसारखा उतार आडवा पार करायचा होता. पलीकडून कोणी हाक मारली असती तर ऐकू आली असती, इतकाच.

पेरिझातने काठी खुपसली. वरचा थर कडक लागला, मग काठी एकदम आत गेली, खाली काही नसल्यासारखी. तिने कडेलाच पाय आपटून पाहिला. आतून धप्प असा आवाज आला आणि तिच्या बुटापासून एक बारीक चीर पुढे पळत गेली. तिच्या मनात शंका उरली नाही. रात्रीच्या वाऱ्याने पलीकडचं सगळं हिम इथे आणून ओतलं होतं आणि ते कशावरही बसलेलं नव्हतं. वरच्या कड्याखालून जावं का, हेही तिने पाहून घेतलं. तिथे हिमाचा छज्जा लोंबत होता.

"भावजी, बाबांना सांगा, दम घ्या. इथून मागे फिरायचं."

एर्मेकने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर त्या चिंध्यांवर खिळली होती. एर्मेक दोन लेकरांचा बाप झाला होता, तरी मागे फिरायचे शब्द त्याच्या घशातच राहिले.

"बाबा, वहिनी म्हणते, दम घ्या."

"मला कुठे धाप लागलीय?" म्हातारा म्हणाला. "तिला म्हणावं, तू बस दगडावर. घे दम." आणि तो उतारावर उतरला.

"बाबा!" पेरिझात ओरडली. वारा होता, टोपी कानांवर होती, आणि समोरच्या खिंडीपलीकडे बहीण होती. म्हाताऱ्याने दुसरं पाऊल टाकलं, तिसरं टाकलं. ती रशियनमध्ये ओरडली. पण तो शब्द पाहुण्यांचा. म्हाताऱ्याने तो स्वतःला लावूनच घेतला नाही.

"तोक्तो!" ती ओरडली. "तोक्तोसुन!"

म्हातारा उचललेला पाय तसाच ठेवून उभा राहिला.

"वळू नका," पेरिझात म्हणाली, पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात. "आलात त्याच खुणांत पाय टाकत मागे या. काठी रोवू नका. हळू. अजून एक. या."

तो आला. दगडावर बसला. एर्मेकने त्याची पिशवी उतरवून घेतली. "चूक माझी आहे," तो पुटपुटला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"खिंड समोर दिसतेय," म्हातारा म्हणाला. आता तो सरळ सुनेशी बोलत होता.

"दिसतेय, बाबा. पण उतार आतून पोकळ आहे. तुमच्या वजनाने नाही सुटला तर भावजींच्या वजनाने सुटेल."

"आणि नाहीच सुटला तर?"

"तर सून चुकली म्हणून गावभर सांगा. पण घरी जाऊन सांगा."

म्हाताऱ्याने पुन्हा त्या चिंध्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तोवर ती गेली तर?"

झूराकान आत्याचा चेहरा पेरिझातच्या डोळ्यांसमोर आला. "तर ते माझ्या माथी," ती म्हणाली. "उठा आता. ऊन वाढतंय."

उतरताना ती पुढे झाली. तिच्या पावलांत पाय टाकत सासरा आला. एर्मेक सारखा वळून बघत होता.

"वहिनी, तो उतार अजून तसाच आहे."

"असू दे," पेरिझात म्हणाली आणि चालत राहिली.

खाली डोंगराच्या एका झुडपाळ खांद्यावर फोन लागायचा. म्हाताऱ्याने बहिणीला फोन लावला. तो नेहमी आवाज पूर्ण मोठा ठेवायचा, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"कुठवर आलास?" झूराकानचा आवाज घोगरा झाला होता.

"परत चाललोय, ताई. सुनेने फिरवलं."

"तुला? फिरवलं?" ती खोकली. "दे तिला फोन."

पेरिझातने दोन्ही हातांनी फोन घेतला. "बोला, आत्या."

"लहानपणी मी याला घोड्याच्या दोराने बांधायचे, तरी पळायचा. तू कसं फिरवलंस गं?"

पेरिझातने सासऱ्याकडे पाहिलं. तो दुसरीकडेच बघत होता.

"थांबा म्हटलं."

त्या घराचे नेम आत्याला कोणी सांगायला नको होते.

"मोठ्याने?"

"हो. पूर्ण नावाने." आता बोलणी बसणार, असं धरूनच ती उभी होती.

"बरं केलंस," झूराकान म्हणाली. श्वास घेताना तिची छाती वाजत होती. "मला तोच घोर लागला होता. माझ्यामागे याला नावाने दटावणारं कोणी उरत नव्हतं. सगळे आपले बाबा, आजोबा, वडीलधारे म्हणणारे. अशाने म्हातारं माणूस मोकाट सुटतं. आता मारत जा हाक, माझी परवानगी आहे. रस्ता उघडला की घेऊन ये त्याला. भेटलो तर भेटलो."

तोक्तोसुन हिमात उभा राहून लहान मुलासारखा रडायला लागला. पेरिझातने सुनेने करू नये ते त्या दिवशी आणखी एक केलं. तिने त्याचा दंड धरला आणि तो सावरेपर्यंत सोडला नाही.